कपाळावरचं लासं

परळच्या एका हॉस्पिटलात मी एमआरआय टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली, त्यामुळे स्क्रीन बघून पोटात खड्डा पडायचे दिवस आता गेले असं आपलं मला वाटायचं.

मागच्या पावसाळ्यात नालासोपाऱ्याहून आठ महिन्यांची मुलगी आली. डाव्या कपाळापासून पापणीपर्यंत जांभळट लाल लासं, आणि दोन महिन्यांपासून उजव्या हातापायाला आकडी. झोपेचं सिरप तिने दोनदा ओकून टाकलं, शेवटी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या तेव्हा कुठे झोपली. आणि बाहेर आजीचं चालूच, ग्रहणात हिने विळी घेतली म्हणून पोरीला डाग. आई गप्प. इतकी गप्प की फॉर्मवर सही घ्यायलाही मला कसंतरी झालं.

आधी दुसरीकडे साधा एमआरआय झालेला, नॉर्मल म्हणून. एवढ्या लहान बाळाचा कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे स्कॅनमध्ये उजळणारं औषध शिरेतून न देता केला, तर मेंदूतला दोष नजरेतून सुटू शकतो. आम्ही आधी एसडब्ल्यूआय घेतला, हा एमआरआयचाच एक प्रकार, त्यात शिरा काळ्या उठून दिसतात, आणि बघते तर डाव्या बाजूला मेंदूच्या खोलात जाड जाड काळ्या रेघा, उजवीकडे तसलं काहीच नाही. मग कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूचं डावीकडचं आवरण लख्ख उजळलं. स्टर्ज-वेबर नावाचा जन्मजात आजार. वीस ते पन्नास हजार जन्मांत एखादं मूल असतं असं, मी पुस्तकातच बघितलेलं. (लासं असलेल्या प्रत्येक बाळाला हे नसतं हां, उगाच घाबरू नका.)

होतं काय, की मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा नीट बनलेल्याच नसतात. हिंदमाताला मोठा नाला तुंबला की पाणी गल्लीबोळातून वाट काढतं ना, तसं रक्त उलटं खोलातल्या शिरांकडे वळतं, त्या फुगतात, निचरा होतो पण सावकाश, मग वरच्या मेंदूला ऑक्सिजन पुरत नाही आणि आकडी येते.

मला हे सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं, रिपोर्ट टेक्निशियनने सांगायचा नसतो. संध्याकाळी न्यूरोच्या सरांनी सांगितलं. गर्भात असतानाच एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू जीनमध्ये बदल होतो, 2013 साली सापडलंय, आईबापाकडून येत नाही आणि ग्रहणाचा तर काही संबंधच नाही. आकडीचं औषध, कमी डोसची ॲस्पिरिन, आणि डोळ्याचं प्रेशर तपासत राहायचं कारण काचबिंदू होऊ शकतो. आजीने फक्त विचारलं, आकडी थांबेल ना? सर म्हणाले, बघू, औषधाने नाहीच थांबली तर पुढे ऑपरेशनचाही विचार करता येतो.

फिल्म घ्यायला आई एकटीच आली. "ताई, सीडीपण द्या, गावाला सगळ्यांना दाखवायचीय." सकाळपासून पहिल्यांदाच तोंड उघडलं तिने. मग म्हणाली, कुठल्या शिरा ते खूण करून द्या. फिल्मवर कशी करणार, म्हणून मी पाकिटावर पेनाने मेंदूचं एक बेढब चित्र काढलं आणि डावीकडे रेघा ओढून दिल्या.