आई, पिवळा झेंडा आणि बलून

गेल्या ऑक्टोबरात आई माझ्याकडे अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्कीला आली होती. बलून फिएस्टासाठी, म्हणजे गरम हवेच्या बलूनांच्या इथल्या उत्सवासाठी, तिला पहाटे साडेतीनला उठवलं, कानटोपीसकट मैदानावर नेलं, आणि पिवळा झेंडा काही खाली येईना. पिवळा म्हणजे थांबा, अजून उडायचं नाही. वारा पडला नाही, शेवटी लाल झेंडा लागला, म्हणजे उड्डाण रद्द. म्हणून न्यू मेक्सिकोला येणाऱ्यांना मी सांगते, फिएस्टासाठी निदान दोन पहाटा हाताशी ठेवा.

त्या सकाळी आम्ही बरिटो खाल्ला. ‘रेड ऑर ग्रीन?’ हा इथला अधिकृत राज्यप्रश्न आहे: मिरचीचा सॉस लाल हवा की हिरवा? दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. आईने तेच मागवलं आणि हिरवा आधी संपवला.

दिवस मोकळा होता, म्हणून ताओस प्वेब्लो या मूळ अमेरिकन लोकांच्या गावी गेलो. मातीची ही बहुमजली घरं हजार वर्षांच्या आसपासची, आणि माणसं आजही तिथे राहतात. भिंतींना पुन्हा पुन्हा मातीचा गिलावा द्यावा लागतो. आई बराच वेळ एका भिंतीजवळ उभी होती. कुणाचाही फोटो काढण्याआधी विचारा. सणाच्या नाचाला गेलात तर फोटो नाहीत, टाळ्याही नाहीत. तो कार्यक्रम नसतो, प्रार्थना असते.

दुसऱ्या पहाटे हिरवा झेंडा लागला. इथे प्रेक्षक बलूनांच्या मधूनच फिरतात. बर्नर पेटला तशी आई दचकली, मग हात शेकायला पुढे सरकली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यांतले ‘झीब्रा’ शिट्टी वाजवून एकेकाला सोडत होते. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ बलूनांनी हे सुरू झालं. आता पाचशेच्या वर येतात, ते इथल्या हवेमुळे. पहाटे गार हवा रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरते, आणि तिच्या वरचा वारा बरेचदा उलटा, उत्तरेकडे वाहतो. पायलट खालच्या वाऱ्यावर जातो, उंची वाढवून वरच्या वाऱ्यावर परततो. याला ‘आल्बुकर्की बॉक्स’ म्हणतात.

मी हे समजावत होते, पण आईचं लक्ष वर होतं. मघाशी आमच्या शेजारून उठलेला निळा-पिवळा बलून तिने बरोबर धरून ठेवला होता.

“अगं, तो बघ, परत आला!”