सात साती

आमच्या लहानपणी सातचा पाढा पस्तीसपर्यंत सगळा वर्ग छाती फुगवून म्हणायचा. 'सात पाचा पस्तीस' झालं की आवाज एकदम बसायचा, कात्रजच्या बोगद्यात गाडी शिरली की रेडिओ जायचा तसा. सक, साती, आठी, नवे ही चार ठाणी दोन-तीन हुशार मुलं पार करायची आणि बाकीचे आम्ही ओठ हलवायचो. 'सात दाहे सत्तर'ला पुन्हा उजेड दिसायचा आणि अख्खा वर्ग कौलं उडतील असा ओरडायचा. गुरुजींना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. ते पंचा खांद्यावर टाकून खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

मी वर्षभर तरी ओठ हलवले असतील. मग एक दिवस छप्पन्न आपसूक तोंडातून बाहेर पडलं. कुणी शिकवलं, ते सांगता येणार नाही. शेजारच्या मुलाच्या आवाजाला टेकून टेकून कधीतरी आपले पाय फुटले असावेत. पुढे पोस्टाच्या खिडकीत पस्तीस वर्षं तिकिटांचे आणि मनीऑर्डरींचे हिशेब केले, ते त्या उसन्या आवाजाच्या जिवावर.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२० साली मी पुन्हा दुसरीत बसलो. नात दुसरीत गेली आणि शाळा मोबाइलवर आली. मुलगा-सून दोघांच्या हिंजवडीच्या कंपन्या घरातल्या दोन खोल्यांत शिरल्या होत्या, त्यामुळे चिऊच्या वर्गाची ड्यूटी माझ्याकडे. सुनेची सूचना एकच होती, "बाबा, तुम्ही फक्त दिसू नका." मग मी टॅबच्या डाव्या अंगाला, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, मोरीतला प्लास्टिकचा स्टूल टाकून बसायचो. पेन्सिलीला टोक करून देणं आणि टॅब चार्जिंगला लावणं हे माझं काम. गुरुवारी लाइट जाणार हे पुणेकराला वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून बुधवारी रात्रीच सगळं चार्ज करून ठेवायचो.

जूनमध्ये सरकारने दुसरीपर्यंतच्या मुलांना ऑनलाइन नकोच असं म्हटलं होतं, मग जुलैत अर्ध्या तासाचा वर्ग चालेल असं ठरलं. त्या अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं "बाई, मी दिसतोय का" यात जायची. वर्गाची पांगापांगही झाली होती. कुणी वारज्यात, कुणी धायरीत, कुणी थेट भोरला आजोळी जाऊन तिथल्या गच्चीवर रेंज शोधत बसलेलं. बाई जुन्या वळणाच्या. पुस्तकात पाढे कुठपर्यंत आहेत ते न बघता दहापर्यंतचे हवेतच, असं त्यांचं मत. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी एका सुरात, बे एके बे."

पुढे जे झालं त्याला सूर म्हणता येणार नाही. कुणी 'बे दुणे'वर, कुणी 'बे चोक'वर, भोरचा मुलगा अजून 'बे एके'लाच अडकलेला, आणि मधूनच सगळे आवाज गिळून एकाच्या घरातला मिक्सर. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळ्यांना म्यूट केलं आणि टॅबमध्ये एकदम सामसूम झाली.

रात्री मुलाला विचारलं. तो म्हणाला, आवाजाचे बारीक तुकडे होऊन सर्व्हरकडे जातात आणि तिथून प्रत्येकाच्या घरी येऊन पुन्हा जोडले जातात, त्यात वेळ जातो आणि तो प्रत्येकाचा वेगळा जातो. शिवाय जो मोठ्याने बोलेल त्याला ॲप पुढे करतं आणि बाकीच्यांना कचरा समजून दाबतं. बोलायला हे चालतं, कारण माणसं आळीपाळीने बोलतात. एकत्र म्हणायला चालत नाही. मी पोस्टातला माणूस, मला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सात मीटर लांबीच्या वर्गात मागच्या बाकावरचं 'सात साती' फळ्यापाशी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोचतं, म्हणजे पोचायला वेळ लागला हे कुणाला कळतही नाही. पाढ्यांना भिंती लागतात, असं मी मुलाला म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, लो लेटन्सी लागते, म्हणजे आवाज पोचायला उशीर नको." दोघांचं म्हणणं एकच असावं.

बाईंनी मग युक्ती काढली. रोज एकाने माइक चालू ठेवून पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी म्यूटवर मागे म्हणायचं. चिऊची पाळी आली. ती ताठ बसून म्हणत होती आणि समोरच्या चौकोनांतून तीसेक तोंडं उघडमीट करत होती, मत्स्यालयातल्या माशांसारखी. तीनच्या पाढ्यात मध्येच थांबून तिने तिरक्या नजरेने मला विचारलं, "आबा, माझ्यामागे कुणी म्हणतंय का?" न दिसण्याची अट पाळून मी हळूच मागे म्हणायला लागलो, 'तीन चोक बारा'. आत सून मीटिंगमध्ये होती. तिथूनही 'तीन पाचा पंधरा' असं पुसट ऐकू आलं. तिच्या मीटिंगमध्ये ते कुणाला ऐकू गेलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्याच सुमारास आमच्या घरात जुनं एक भांडण मिटलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा मी फार तावातावाने बोललो होतो. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडखळतात, असं त्या सांगत होत्या. टिळक रोडपासून विधानसभेपर्यंत सगळ्यांनी त्यावर मत दिलं, त्यात माझंही होतं. पण तुटक नेटवर 'सात नवे त्रे...' एवढंच येऊन आवाज गेला की त्रेपन्न की त्रेसष्ट हे मलाही कळेना. 'साठ तीन' कुठेही तुटलं तरी निदान साठ तरी हातात राहतं. तरी पाढा म्हणताना मला त्रेसष्टच हवं. 'सात नवे साठ तीन' म्हणून बघा, चालता चालता पायरी चुकल्यासारखं होतं.

सगळ्यांकडे टॅब नव्हते. वर्गातल्या एका मुलाचे वडील रिक्षा चालवायचे आणि घरातला फोन त्यांच्याबरोबर दिवसभर फिरायचा. तो चौकोन सकाळी कधी दिसलाच नाही. बाईंनी त्याच्यासाठी ग्रुपवर सोय केली, संध्याकाळी पाढा म्हणून व्हॉइस मेसेज टाकायचा. एकदा मी तो ऐकला. 'सात पाचा पस्तीस'पर्यंत मुलगा धडाधड आला. मग नुसती शांतता. बाहेर कुठेतरी हॉर्न, कुत्रं, पंख्याची घरघर. आमच्या गुरुजींच्या वर्गात याच जागी आम्ही तीस जण ओठ हलवत असू. इथे तो एकटा होता आणि रेकॉर्डिंग चालू होतं. आणि मग अगदी मागून, पदराआडून यावा तसा बाईमाणसाचा आवाज आला, "बेचाळीस." "सात सक बेचाळीस!" मुलगा ओरडला.

त्यानंतर मी इतरांचे मेसेजही कान देऊन ऐकायला लागलो. जवळजवळ प्रत्येकात मागे एक दुसरा आवाज होता. कुठे आई, कुठे ताई, एकीकडे चक्क आजोबा, तेही चुकीचं सांगणारे. काही पालकांनी तक्रार केली की ही कॉपी आहे, मुलांना खरं काही येत नाही. बाईंनी ग्रुपवर चारच शब्द लिहिले: "मागचा आवाज चालेल. नमस्कार." पुण्यात वाद मिटवायला शेवटी 'नमस्कार' पुरतो.

आमच्या घरी मागच्या आवाजाची सोय आणखी वेगळी झाली. खालच्या मजल्यावरचा गोटू चिऊच्याच वर्गात. उकडतं म्हणून दोघंही वर्गाला गॅलरीत बसायला लागली आणि एक दिवस चिऊला शोध लागला. "आबा, गोटू आधी खालून बोलतो आणि मग टॅबमधून बोलतो!" खरंच होतं. तीन मीटरवरून त्याचा आवाज जिना न चढता वर यायचा, आणि तोच आवाज कुठल्या कुठे जाऊन अर्ध्या-पाऊण सेकंदाने टॅबमधून परत यायचा. गोटू बोलून झाल्यावर टॅबमधला गोटू बोलतोय, याचं दोघांना इतकं हसू यायचं की पहिले दोन दिवस अभ्यास असा झालाच नाही. तिसऱ्या दिवसापासून त्याचा धंदा सुरू झाला. बाईंनी चिऊला 'सात आठी?' विचारलं की म्यूटवरचा गोटू कठड्याशी तोंड नेऊन "छप्पन्न" म्हणायचा. गोटूला विचारलं की इकडून निरोप खाली जायचा. मी हे सगळं स्टुलावरून बघत होतो. बाईंना सांगायला हवं होतं, पण मला दिसायची परवानगी नव्हती.

दिवाळीपर्यंत दोघं संध्याकाळी टॅबशिवायच गॅलरीत उभी राहून पाढे ओरडायला लागली, एक वर, एक खाली. समोरच्या इमारतीतल्या काकांनी झोपमोड होते म्हणून खिडकी लावली. संध्याकाळी सहाला.

पुण्यातल्या लहान मुलांच्या शाळा उघडल्या त्या डिसेंबर २०२१ मध्ये. दुसरी गॅलरीतच संपून गेली होती, चिऊ तिसरीत होती आणि बूट दोन नंबरांनी लहान झाले होते. पहिल्याच आठवड्यात मी तिला आणायला जरा लवकर गेलो आणि फाटकाबाहेर स्कूटर लावून उभा राहिलो. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून पाढा येत होता. सातचाच. पस्तीसपर्यंत दणक्यात आला, मग बोगदा लागला. दोन-तीनच आवाज पुढे चालत राहिले, साती, आठी, नवे, आणि 'सात दाहे सत्तर'ला खिडकीच्या काचा थरथरल्या असाव्यात.

स्कूटरवर मागे बसल्यावर मी विचारलं, "काय गं, तुला तर सगळा येतो. मधे तुझा आवाज नाही आला तो?"

"आज कंटाळा आला होता. नुसते ओठ हलवत होते." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि आबा, मास्क असला ना, की ओठपण हलवावे लागत नाहीत."