राजासॉरसचे हात

वडोदऱ्यात लग्नमंडपापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत फुग्यांची कामं मी बारा वर्षं करतोय, पण गेल्या मे महिन्यातले ते हात डोक्यातून जात नाहीत.

काम एका मॉलचं. सुट्टीतल्या मुलांसाठी डायनासोरचा पूर्ण आकाराचा सांगाडा. त्यांना टी-रेक्स हवा होता. मी म्हटलं, आपल्या गुजरातचाच करू या. बालासिनोरजवळ रैयोलीला १९८२ ते १९८४ दरम्यान हाडं निघाली आणि २००३ मध्ये त्यांना राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. लांबीचा नंतरचा एक अंदाज ६.६ मीटर, तो धरला.

फुगे सगळे २६० नंबरचे, म्हणजे फुगल्यावर २ इंच जाड, ६० इंच लांब. पीळ द्यायचा तर शेपटाकडे चार बोटं रिकामी सोडावी लागतात, नाहीतर हवेला सरकायला जागा उरत नाही. प्रत्येक मणका मी ॲल्युमिनियमच्या नळीवर सुटा बांधला. एक फुटला तर शेजारच्यांना धक्का न लावता बदलता येतो. कणा कसा उतरतो ते बघायला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्यासमोर दोन दुपारी बसून होतो. रात्री मॉलचा एसी बंद. गारव्यात टम्म भरलेले फुगे उकाड्यात फटाफट जातात, म्हणून प्रत्येक फुगा भरून थोडी हवा सोडायची. घाईतले डेकोरेटर हे करत नाहीत आणि मग मालाला नावं ठेवतात.

अडलं ते हातांवर. राजासॉरसची मेंदूभोवतालची कवटी, मणके, कमर, पाय मिळालेत. हात सापडलेलेच नाहीत. ते त्याच्या भाऊबंदांवरून कल्पायचे, आणि त्यांचे हात अगदी इवलेसे. सापडलेलं हस्तिदंती, न सापडलेलं राखाडी, असं मी ठरवलं होतं. मॅनेजर म्हणाले, "हाथ तो मोटा जोईए, अने सफेद." उद्घाटनाला तीन तास उरले होते. मी केले. मोठे, पांढरे, नख्यांसकट.

संध्याकाळी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आजोबांबरोबर आली. पाटी नीट वाचून म्हणाली, "काका, यातली खरी कुठली सापडलीत?" मी कमर दाखवली, पाय दाखवले.

"आणि हात?"

"हो, तेही."

मॅनेजर तेव्हा जवळपासही नव्हते. मग का म्हटलं मी तसं?

दुकानं बंद झाल्यावर शिडी लावून ते हात उतरवले, राखाडी इवलेसे बांधले. बिलातून पैसे कापले गेले, ते जाऊ दे. उरलेले चारही दिवस मी दाराकडे बघत होतो. ती मुलगी पुन्हा आली नाही.