डायस्टेजला दाद न देणारं लिव्हर

लहान मुलाची लिव्हर बायॉप्सी (तपासणीसाठी काढलेला लिव्हरचा बारीक तुकडा) आली की आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एच अँड ई या नेहमीच्या स्टेनसोबत पीएएस (साखरेच्या साखळ्यांना किरमिजी करणारा स्टेन) आणि डायस्टेज हे एन्झाइम लावून पीएएस अशा दोन जादा स्लाइडी कोणी न सांगताच काढल्या जातात. बहुतेक वेळा त्यातून फारसं काही निघत नाही, साध्या पीएएसमध्ये लिव्हरच्या पेशी गडद किरमिजी दिसतात, डायस्टेजवालीत तो रंग गेलेला असतो, म्हणजे जे होतं ते ग्लायकोजेन (पेशीतला ग्लुकोजचा साठा) होतं, चला पुढे. त्या दिवशी डायस्टेजवालीत रंग गेलेलाच नव्हता.

मूल दीडेक वर्षाचं. वजन वाढत नाही, पोट पुढे आलेलं, लिव्हर आणि स्प्लीन (प्लीहा) दोन्ही हाताला लागतायत, अंगात जोर कमी. फॉर्मवर ‘ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज’ आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह. हे सगळं नेहमीचंच, पण खाली बारीक अक्षरात एक ओळ होती की उपाशीपोटी शुगर नॉर्मल आहे, आणि मला ती ओळ खटकली. कारण या आजारांमधला सगळ्यांना पाठ असलेला जो पहिला टाइप आहे त्यात ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे एन्झाइम नसतं, लिव्हरमध्ये साठा भरपूर असतो पण त्यातलं ग्लुकोज रक्तात सोडता येत नाही, त्यामुळे दोन फीडमधलं अंतर जरा वाढलं की शुगर कोसळते. इथे तसं काहीच नव्हतं.

एच अँड ई बघितली तर लिव्हरची रचना पार बदललेली, फायब्रस टिश्यूचे (व्रणासारखे) जाड पट्टे आणि मधे गोळे गोळे, सरळ सरळ सिऱ्होसिस, दीड वर्षाच्या मुलात! पेशी फुगलेल्या आणि आत एक फिकट निळसर-करडा काचेसारखा ऐवज, त्याभोवती रिकामी कड, न्यूक्लियस एका बाजूला ढकललेलं. मोठ्या माणसात असं ग्राउंड ग्लास (घासलेल्या काचेसारखं) दिसलं की आधी हिपॅटायटिस बी आठवतो, पण तो ऐवज पीएएस घेत नाही, आणि या मुलाची बी ची टेस्ट निगेटिव्ह होती. मग साधी पीएएस लावली, तर पेशीतल्या त्या ऐवजाचे गोळे भडक किरमिजी. आणि डायस्टेजवाली लावली तर पेशीच्या कडेचा रंग उतरलेला पण मधले गोळे जवळजवळ तसेच.

इथे जरा थांबून सांगते. पीएएस हा फार भोळा स्टेन आहे. पिरियॉडिक ॲसिड साखरेतले शेजारी शेजारी ओएच असलेले दोन कार्बन तोडतं, तिथे अल्डिहाइड तयार होतात आणि शिफ रिएजंट त्यांना रंग देतं. बस. समोर कुठली साखर आहे, कशी जोडलेली आहे, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, ग्लायकोजेन असो, म्युकस असो, बेसमेंट मेंब्रेन असो, फंगसची भिंत असो, सगळं किरमिजी. ओळख पटवायचं काम डायस्टेजचं. डायस्टेज म्हणजे अमायलेज, १८३३ साली पायाँ आणि पेर्सो यांनी मॉल्टमधून वेगळं काढलं तेच. ते ग्लायकोजेन खातं, म्युकस-मेंब्रेनला हात लावत नाही. त्यामुळे रंग राहिला की माणूस ग्लायकोजेन सोडून बाकीचा विचार करायला लागतो. मीही केला. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रोटीनची कमतरता असली (ते रक्तात न जाता लिव्हरच्या पेशीतच अडकतं) तरी डायस्टेजनंतर रंग टिकतो, कारण ते मुळात ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखर चिकटलेलं प्रोटीन. पण त्याचे छान गोल थेंब असतात, आणि तेही जास्त करून पोर्टल ट्रॅक्टजवळच्या (लिव्हरमध्ये रक्तवाहिन्या येतात त्या जागेजवळच्या) पेशींत. इथे थेंब नव्हते, अख्खी पेशी भरलेली होती.

मग साहजिकच मनात आलं, डायस्टेज तर मेलं नाही ना? एन्झाइम आहे, जुनं झालं, इनक्युबेटर ३७ वर नसला, की काम करत नाही. आमचे टेक्निशियन काका मायक्रोटोमवर (टिश्यूचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, काढायच्या यंत्रावर) होते, त्यांना विचारलं, “काका, डायस्टेजचं सोल्युशन कधीचं आहे?” त्यांनी मानही वर केली नाही. “मॅडम, सकाळी ताजं केलंय. कंट्रोल बघा आधी.”

कंट्रोल म्हणजे माहीत असलेल्या नॉर्मल, ग्लायकोजेननी भरलेल्या लिव्हरचा सेक्शन, त्याच रॅकमध्ये, त्याच सोल्युशनमधून गेलेला. बघितला. एकदम स्वच्छ, ग्लायकोजेनचा मागमूस नाही. म्हणजे डायस्टेज ठणठणीत होतं. काकांच्या इमानावर शंका घेतल्यासारखं झालं होतं त्यामुळे ते आता पेटले, नवीन सेक्शन घेतला आणि म्हणाले, “आता आपल्या घरचं अमायलेज लावतो.” म्हणजे थुंकी! नवीन लोक यावर तोंड वाकडं करतात पण लाळेतलं अमायलेज हा लॅबमधला जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे, सेक्शनवर लाळ टाकून उबेत ठेवायची, धुवायची, स्टेन करायचं. कंट्रोल पुन्हा साफ, पेशंटचे गोळे पुन्हा जागेवर.

दोन वेगवेगळी अमायलेज, उत्तर एकच. म्हणजे अडचण एन्झाइममध्ये नव्हती, खाण्यात होती. आणि मग ती शुगरवाली ओळ, सिऱ्होसिस आणि हे गोळे, तिन्ही एकदम एका जागी बसले. ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, टाइप फोर. अँडरसन डिसीज.

आता यात जी मजा आहे (मुलाच्या आईवडिलांसाठी अर्थातच मजा नाही, पण ज्याला पॉलिसॅकराइडची रचना पुस्तकात कोरडी वाटली होती त्याच्यासाठी आहे) ती अशी. नॉर्मल ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या, १-४ बाँडनी जोडलेल्या, आणि साधारण दर ८ ते १२ ग्लुकोजला १-६ बाँडनी एक फांदी. असं करत करत जवळजवळ ५५,००० ग्लुकोजचा गोल कण तयार होतो, आणि त्याची हजारो टोकं बाहेरच्या बाजूला. फॉस्फोरिलेज हे एन्झाइम ग्लुकोज सुटं करतं ते टोकाकडूनच, त्यामुळे टोकं जास्त तर पुरवठा झटपट. आणि हे सगळं साठवूनसुद्धा पेशीत पाणी घुसत नाही, कारण ऑस्मोसिसला कणांची संख्या कळते, त्यांचा आकार नाही. लिव्हरच्या पेशीत ग्लायकोजेनच्या रूपात जेवढं ग्लुकोज असतं तेवढं सुटं ठेवलं तर ०.४ मोलर होईल, आणि रक्तात असतं ५ मिलिमोलर, म्हणजे पेशी फुटलीच! फांद्या आहेत म्हणून तो एवढा मोठा कण पाण्यात विरघळून राहतो.

या फांद्या करणारं एक वेगळं एन्झाइम आहे, ब्रँचिंग एन्झाइम. लांब झालेल्या साखळीच्या टोकाचे सातेक ग्लुकोज तोडून ते आतल्या बाजूला १-६ नी चिकटवतं. ते नसलं की साखळ्या नुसत्या लांबत जातात. ग्लुकोज तेच, बाँड तेच, एकही नवीन अणू नाही. पण झुडपाच्या जागी काठ्यांची मोळी तयार होते. लांब साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात, पीळ शेजारी शेजारी दाटीनं बसतात, मधलं पाणी बाहेर पडतं आणि सगळा माल पेशीत खाली बसतो. अमायलेजला १-४ बाँड तोडता येतो हो, पण त्यासाठी साखळी सुटी, हाताशी यायला हवी. दाटून बसलेल्या पिळात त्याला शिरताच येत नाही. माझ्या स्लाइडवरचे न पुसलेले गोळे म्हणजे नेमकं हेच होतं. जास्त वेळ ठेवलं तर थोडे थोडे झिजतात, म्हणून रिपोर्टमध्ये ‘पार्शली रेझिस्टंट’ लिहायचं असतं, ‘रेझिस्टंट’ नाही.

वनस्पती असंच काहीतरी मुद्दाम करतात. स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिनमध्ये फांदी साधारण २४ ते ३० ग्लुकोजनंतर येते, त्यामुळे ते घट्ट दाण्यात बसतं आणि महिनोन्महिने पडून राहतं. बी ला तेच हवं असतं, तिला घाई नसते. लिव्हरला दर काही तासांनी देवाणघेवाण करायची असते, तिथे हा माल म्हणजे अडगळ. गंमत म्हणजे त्याच स्लाइडच्या कोपऱ्यात कापसाचा एक तंतू पडला होता, पोलराइज्ड लाइटमध्ये लखलखत होता (काका या तंतूंवर फार चिडतात), तोही शंभर टक्के ग्लुकोजच, फक्त जोडणी बीटा, त्यामुळे साखळी सरळसोट आणि आपलं अमायलेज तिथे पूर्ण निकामी. एका फील्डमध्ये ग्लुकोजचे तीन अवतार, एक पचला, एक अर्धवट पचला, एक अजिबात नाही.

आयोडीन लावून बघायचा मोह आवरला नाही. आयोडीन साखळीच्या पिळात जाऊन बसतं, साखळी जितकी लांब तितका रंग निळ्याकडे सरकतो. नॉर्मल लिव्हर तांबूस-तपकिरी आलं, आमचे गोळे त्यापेक्षा गडद, जांभळटाकडे झुकलेले. हा काही निदानाचा पक्का पुरावा नव्हे, पण काकांनी दोन्ही स्लाइडी शेजारी धरून बघितल्या आणि तेव्हा कुठे त्यांचा राग गेला.

हे कोडं सोडवणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. डोरोथी अँडरसन, ज्यांनी १९३८ साली सिस्टिक फायब्रोसिस वेगळा आजार म्हणून मांडला, त्यांनीच १९५६ साली हा सिऱ्होसिस आणि विचित्र ग्लायकोजेनवाला आजार लिहिला. त्या ग्लायकोजेनच्या साखळ्या लांब आणि फांद्या कमी आहेत हे गर्टी कोरी आणि बार्बरा इलिंगवर्थ या बायोकेमिस्टांनी दाखवलं होतं, तेही जीन सीक्वेन्सिंग वगैरे काही नसताना, नुसतं एन्झाइमनी टप्प्याटप्प्यानं तोडत आणि सुटं झालेलं मोजत. ब्रँचिंग एन्झाइमच नाही हे सिद्ध व्हायला १९६६ उजाडलं, आणि ते करणाऱ्या बार्बरा ब्राउन म्हणजे त्याच इलिंगवर्थ, लग्नानंतरच्या, सोबत नवरा डेव्हिड.

दुपारी मुलाच्या डॉक्टरांना फोन केला. “सर, टाइप फोर वाटतोय, जीबीई१ पाठवा.” (ब्रँचिंग एन्झाइमच्या जीनची टेस्ट.) पलीकडे थोडा वेळ शांतता, मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो मला सकाळी पडला होता, “पण शुगर कशी टिकली मग?” म्हटलं, टोकं कमी असली तरी आहेत, फॉस्फोरिलेज त्यांना खातं, आणि नॉर्मल ग्लायकोजेनही थोडंफार असतंच. लिव्हर फेल व्हायला लागेपर्यंत शुगर बहुतेक टिकते, म्हणून तर हे पोर उशिरा आपल्यापर्यंत आलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत पुढे तेच दिसलं, बारीक तंतूंचे ढीग आणि कडेला मोजके नेहमीचे ग्लायकोजेनचे कण. काही आठवड्यांनी जीनचा रिपोर्ट आला, दोन्ही कॉप्यांमध्ये दोष.

आता पुढची बाजू अवघड आहे. या प्रकारात लिव्हर बिघडतच जात असेल तर ट्रान्सप्लांटशिवाय बहुतेक मुलं पाचव्या वर्षाच्या आसपासच जातात. काहींमध्ये आजार पुढे सरकत नाही, पण ते पहिल्या बायॉप्सीवर सांगता येत नाही आणि इथे तर सिऱ्होसिस आधीच होता. शिवाय ब्रँचिंग एन्झाइम फक्त लिव्हरचं नाही, हृदय आणि स्नायूंतही तेच लागतं, नवीन लिव्हर बसवलं तरी तिथली कमतरता तशीच. ट्रान्सप्लांटनंतर काही मुलांच्या हृदयातले साठे कमी झालेत आणि काहींचं हृदयच नंतर निकामी झालंय, दोन्ही नोंदलेलं आहे. म्हणून मी रिपोर्टच्या शेवटी, खरं तर तो माझा प्रांत नाही तरी, ट्रान्सप्लांटच्या आधी एको (हृदयाची सोनोग्राफी) करा असं लिहिलं, आणि आईवडिलांचं जेनेटिक काउन्सेलिंगही, कारण दोघं कॅरिअर (स्वतःला आजार नाही, पण जीनची एक कॉपी सदोष) असणार, दर गरोदरपणात चारात एक शक्यता, आणि फॉर्मवर आईच्या नावापुढे ‘चौथा महिना’ असं लिहिलेलं होतं.