चादर घेऊन सोलापूरला

परवा दुपारी जेवून लोळत पडलो होतो आणि मोबाईलवर सोलापुरातलं लॉज शोधत होतो. बजेट दीड हजाराच्या आत, एसी नसला तरी चालेल कारण डिसेंबर आहे, अटॅच मात्र पाहिजेच कारण वय झालंय. अंगठ्याने वर सरकवत सरकवत एका फोटोपाशी अडकलो. पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस करून ठेवलेले, चोचीला चोच लावून, मध्ये बदामाचा आकार आणि त्यात गुलाबाच्या पाकळ्या. खाली रेट ८९९. आता ८९९ मध्ये राजहंस म्हटल्यावर मला शंका यायचीच. रिव्ह्यू उघडले तर वरच कोणीतरी लिहिलेलं, टॉवेल मागितल्यावर मिळाला पण त्यातून पलीकडचं दिसत होतं.

सोलापुरात! दुसरीकडे कुठे असतं तर सोडून दिलं असतं. पण ज्या गावाचं नाव आपल्याकडे गाव म्हणून कळायच्या आधी चादर म्हणून कळतं, जिथला टॉवेल जहाजात बसून परदेशी जातो, तिथं गिऱ्हाइकाला आरपार दिसणारा पंचा? हलवायाच्या घरी गूळ-शेंगदाणे दिल्यासारखं झालं हे.

असो. मुळात लॉज शोधायची वेळ का आली तर मावसबहिणीच्या मुलाचं लग्न. मावशीचं घर सोलापुरातच आहे, चांगलं ऐसपैस नसलं तरी चार माणसं आडवी होतील इतकं आहे, आणि घर असताना लॉजवर उतरणं हा आमच्याकडे जवळजवळ गुन्हा. पण सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कित्येक वर्षं हे असंच चाललंय, उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना. त्यामुळे मावशीकडे हॉलमधल्या सोफ्यापेक्षा पिंपांना जास्त जागा आहे. मागच्या खेपेला मी अंघोळ करून बाहेर आलो तर ती हळूच पिंपात डोकावून बघत होती. बोलली काहीच नाही, वर थालीपीठ घे म्हणाली. पण मला तेव्हापासून तिच्याकडं अंघोळ करताना तांब्या मोजायची सवय लागलीय. लग्नाच्या घरात तर विचारायलाच नको. म्हणून लॉज, आणि तेही गुपचूप.

तर सोलापुरात लॉज बघताना आधी अॅप नाही उघडायचं, आधी कालनिर्णय उघडायचं. हे मला माहीत होतं तरी विसरलो. गाव गिरणीचं, कारखान्याचं, पण तिथली लॉजं चालतात ती देवांवर. एका अंगाला तुळजापूर ४५ किलोमीटर, दुसऱ्या अंगाला अक्कलकोट ४० च्या आसपास, तिकडं पंढरपूर, आणि पुढं कर्नाटकात गेलं की गाणगापूर. या सगळ्यांच्या मध्ये सोलापूर स्टेशन. म्हणजे पौर्णिमा आली की रेट वर, गुरुवार आला की रेट वर, आषाढी-कार्तिकी तर बोलूच नका, कोजागिरीला तर सोलापुरातनं तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रात्रभर रस्ता भरलेला असतो. एखादा इंजिनियर सोमवारी मशीन दुरुस्तीला आला तर त्याला निम्म्यात खोली मिळेल, तोच पौर्णिमेला आला तर त्यालाही भाविकाचाच भाव.

आणि आमचं लग्न नेमकं दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी.

फोन केला. स्टेशनजवळचं एक लॉज, राजहंसवालं नाही, दुसरं.

"रूम आहे का ओ, दोन रात्रींसाठी?"

"कुठली तारीख मालक?"

तारीख सांगितली. पलीकडं शांतता. मग हसल्यासारखा आवाज. "दत्तजयंती आहे की ओ मालक. त्या दिवशी रेट वेगळा पडतोय."

मला सोलापुरात सगळे मालक म्हणतात त्याचं फार बरं वाटतं. पुण्यात मला इतकी वर्षं झाली पण माझ्या मालकीचं काही आहे असं इथं कोणाच्या बोलण्यात आलेलं नाही. तिथं रिक्षावाल्यापासून भजीवाल्यापर्यंत सगळे मालक. या एका शब्दापायी मी दोनशे रुपये जास्त द्यायला तयार झालो, बायकोला सांगणार नाही.

मग माझे नेहमीचे प्रश्न विचारले. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? हा प्रश्न न विचारता बुकिंग करणारी माणसं मला कळतच नाहीत. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने रात्री दहाच्या सुमाराला पोचायचं आणि बाराच्या हिशोबाने सकाळी उठून बघतो तर अर्धा दिवस गेलेला. गरम पाणी किती ते किती? ('सहा ते नऊ' याचा अर्थ सव्वासहा ते साडेसात.) खोली जिन्याजवळची नको, लिफ्टजवळची नको, रस्त्याकडची तर नकोच. बादली दोन पाहिजेत, एक भरेपर्यंत दुसरी वापरता येते. आणि शेवटचा प्रश्न मी विचारत नाही पण मनात असतो, चादर कशी असते?

चादरीवरनं अण्णा आठवले. म्हणजे राजहंस बघितल्यापासूनच आठवत होते.

आमचं कऱ्हाडला कापडाचं लहानसं दुकान होतं. थंडीच्या आधी अण्णा सोलापूरला चादरी आणायला जायचे, आणि मी चौथीत असताना सहामाही परीक्षा संपल्यावर मला पहिल्यांदा बरोबर नेलं. एसटीनं पंढरपूरमार्गे, जवळजवळ आख्खा दिवस. निघताना आईनं वळकटी बांधून दिली आणि त्या वळकटीत काय, तर चादर. सोलापुरी चादर! चादर आणायला निघालेला माणूस, जिथनं आणायची तिथंच घरची चादर काखोटीला मारून चाललाय. मला तेव्हाही हसू आलं होतं. मी आईला म्हणालो, तिथं तर चादरीच चादरी असतील ना. आई म्हणाली, जाऊ दे तिलाही माहेरी, चार दिवस.

लॉज बहुतेक नवी पेठेतच होतं. लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी टेबल, टेबलावर भलंमोठं रजिस्टर. नाव, गाव, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण. अण्णांनी कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरात 'व्यापार' लिहिलं. खाली माझं नाव लिहिताना त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याही कारणात 'व्यापार'च लिहिलं. चौथीतल्या पोराच्या नावापुढं. मी पुढचे दोन दिवस खिशात हात घालून चाललो.

खोलीत दोन खाटा, काथ्याच्या गाद्या, आणि पायथ्याशी लाल घोंगडीसारखं काहीतरी घडी करून ठेवलेलं, ते अण्णांनी दोन बोटांत धरून खुर्चीवर ठेवलं. मग वळकटी सोडली. चादर अर्धी खाली, अर्धी वर, मध्ये माणूस. उशीला घरचा टॉवेल गुंडाळायचा. लॉजवर झोपायची त्यांची हीच रीत, सगळीकडं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या खोलीत दोरीनं बांधलेले चादरींचे गठ्ठे येऊन पडले, भिंतीला लावून पार खिडकीपर्यंत, आणि आम्ही त्या ढिगाशेजारी तीच एक जुनी चादर दोघांत घेऊन झोपलो. रात्री थंडी पडली. मी म्हणालो, अण्णा, त्यातली एक काढूया ना. ते म्हणाले, विकायच्या मालाची घडी मोडायची नसते. आणि स्वतःच्या अंगावरचा भाग माझ्याकडं सरकवला.

त्याच दिवशी सकाळी चाटी गल्लीतला व्यापारी आम्हाला पूर्व भागात माग दाखवायला घेऊन गेला होता. गल्लीत शिरायच्या आधीच आवाज ऐकू यायचा, खटाखट खटाखट, आणि आत गेल्यावर तर नुसते ओठ हललेले दिसायचे. माणसं मागावर तेलुगू बोलायची आणि आमच्याशी मराठी, ते दोन्ही मला सारखंच ऐकू येत नव्हतं. मागाच्या वर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, आणि त्यातनं भोकं पाडलेले पुठ्ठे एकमेकांना दोऱ्यानं शिवून माळेसारखे सोडलेले, एकेक पुठ्ठा पुढं सरकायचा, धोटा इकडनं तिकडं जायचा आणि खाली बोटभर मोर वाढायचा. मोर पुठ्ठ्यातल्या भोकांत असतो हे मला काही केल्या पटेना. मागवाल्यानं एक जुना पुठ्ठा माझ्या हातात दिला, मी तो उजेडाकडं धरून मोर शोधत राहिलो. अण्णा तोवर चादरीचा कोपरा उलटा करून बघत होते. चांगली चादर दोन्ही बाजूंनी बघायची असते, इकडनं लाल जमिनीवर पांढरा मोर तर तिकडनं पांढऱ्या जमिनीवर लाल. उलटी बाजू असतेच पण ती वाईट नसते. हे वाक्य अण्णांचं नाही, माझंच आहे, आणि आत्ता लिहिताना मला ते उगीच मोठं वाटायला लागलंय, सोडून देऊ.

सगळ्यात लक्षात राहिला तो भोंगा. पहाटे अंधारात गिरणीचा भोंगा झाला आणि मी ताडकन उठून बसलो. अण्णा झोपेतच म्हणाले, आपला नाही तो, झोप. लॉजमधली माणसं रात्री पोऱ्याला सांगून ठेवायची, भोंग्याला चहा आण. घड्याळात किती वाजता ते कोणी सांगायचं नाही.

आता भोंगे गेले. जुनी मिल तर केव्हाच गेली, ती १८७७ ची, तिच्यानंतर दुसऱ्या निघाल्या म्हणून ती जुनी. मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी, एकेक करून सगळ्याच बंद पडल्या. नवी पोरं 'जुन्या मिलजवळ' असा पत्ता सांगतात तेव्हा त्यातली मिल कोणी बघितलेली नसते. तसं तर आपण 'हुतात्मा चुकली', 'हुतात्मा लेट आहे', 'हुतात्माला गर्दी असते' हेही किती सहज म्हणतो. ते हुतात्मे म्हणजे सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांना येरवड्यात फाशी दिली, १२ जानेवारी १९३१. म्हणजे गाडी पुण्यातनं निघते आणि सोलापूरला पोचते, आणि ते चौघं इथनं परत गेलेच नाहीत. हे माझ्या डोक्यात एकदा गाडी दौंडला थांबलेली असताना आलं होतं आणि हातातला वडापाव मी नंतर बराच वेळ तसाच धरून बसलो होतो.

कुठं होतो? लॉजवाल्याशी बोलत होतो. शेवटी यावेळी विचारलंच.

"पांघरायला काय देता ओ?"

"ब्लँकेट आहे की मालक. मऊ एकदम. पानिपतचं."

मला दोन मिनिटं काही सुचेना. सोलापूरच्या लॉजमध्ये पानिपतचं ब्लँकेट. आपल्याकडं एखाद्या गोष्टीचं पानिपत झालं म्हणायची पद्धत आहे, पण इतकं शब्दशः? तसं आश्चर्य वाटायचं कारण नाही, ते पॉलिस्टरचं केसाळ ब्लँकेट स्वस्त पडतं, दिसायला गुबगुबीत, त्यावर वाघ असतो. लग्नात आहेर म्हणूनही आता तेच येतं. सोलापुरी चादर सुती, धुतल्यावर जड होते, वाळायला दिवस घेते, आणि ज्या गावात पाणी पाचव्या दिवशी येतं तिथं लॉजवाल्यानं ती रोज कुठं धुवायची? त्याचंही बरोबरच आहे. जीआय टॅग, म्हणजे अस्सल सोलापूरचीच असा सरकारी शिक्का, मिळालाय चादरीला, पण टॅगनं काही चादर धुऊन निघत नाही.

मी म्हणालो, घरनं चादर आणली तर चालेल ना?

"आणा की. बरेच जण आणतात."

बुकिंग केलं. आधारची झेरॉक्स दोन प्रती आणा म्हणाला. रजिस्टर अजून आहे का विचारणार होतो, राहिलं.

संध्याकाळी कपाट उघडून बघितलं. अण्णांची ती चादर घरातच आहे पण कपाटात नाही, इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली आहे. गेली दहा-बारा वर्षं तिथंच असेल. मोराच्या पोटावर इस्त्रीचा तिकोनी डाग पडलाय, कोणाच्या हातनं ते विचारू नका. उलटी केली तर त्या बाजूलाही डाग उमटलेला, पण जरा फिकट. बायको म्हणाली, ही घेऊन जाणार लग्नाला? लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना कुठं दाखवायचीय, लॉजवर तर. ती म्हणाली, मग मी इस्त्री कशावर करू?

एवढ्यात मावशीचा फोन. लॉजचं तिला कुठनं कळलं देव जाणे, मी तर अजून घरातही नीट सांगितलेलं नव्हतं. मी कानापासून मोबाईल जरा लांब धरला.

"लॉज घेतलंस म्हणे."

"नाही मावशी, म्हणजे, तुला उगीच त्रास..."

"बरं केलंस," ती म्हणाली. "पाणी बुधवारी येऊन गेलं, आता रविवारशिवाय नाही. सकाळी अंघोळीला आमच्यातले तिघं तुझ्याकडं पाठवते. आणि हे बघ, येताना घरातल्या दोन चादरी आण. पाहुणे लई झालेत, पांघरुणं पुरंनात."