गिल्बर्ट हिल ते मुंब्रा, दगड बघत बघत

गेल्या रविवारी भाचीला घेऊन मुंबईत दगड बघायला गेले होते. मनू नववीत आहे, गणपतीत घरी आली होती तेव्हा तिने विचारलेलं, "मावशी, पुस्तकात लिहितात इतके कोटी वर्षांपूर्वी अमुक झालं, पण तेव्हा तर कोणीच नव्हतं ना, मग मोजलं कोणी?" प्रश्न इतका बरोबर होता की फोनवर दोन वाक्यांत उरकायचं मनाला पटेना. म्हटलं चल, दाखवतेच.

डोंबिवलीहून सकाळची लोकल, दादरला वेस्टर्न, अंधेरीला उतरून पश्चिमेला रिक्षा आणि रिक्षावाल्याला सांगायचं भवन्स कॉलेजकडे, गिल्बर्ट हिल. गल्ली वळते आणि बिल्डिंगांच्या, पत्र्यांच्या, वाळत घातलेल्या चादरींच्या मागून एकदम काळी भिंत उभी राहते, साधारण दोनशे फूट उंच, सरळसोट. मी तिसऱ्यांदा बघत होते तरी छातीत धडधडलं. मनू तर रिक्षातून उतरून पैसे द्यायच्या आधीच भिंतीपाशी पोचली होती.

जवळून बघा ती भिंत. अख्खा डोंगर खांबांचा बनलाय, एकाला एक चिकटून उभे केलेले पेन्सिलीसारखे खांब, कुठे पाच कडा कुठे सहा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसताना चिखल सुकल्यावर भेगा पडतात तशा भेगा पडतात, फक्त इथे त्या वरून खाली खोलवर गेल्या. दोन खांबांच्या फटीत पिंपळाचं मूळ घुसलंय, बोटाएवढं जाड. मनूने हात लावला तर सावलीतला दगड गार आणि उन्हातला चटका देणारा. वर गावदेवी आणि दुर्गामातेचं मंदिर आहे, पायऱ्या चढून गेलो, दर्शन घेतलं, आणि वरून चारी बाजूंना नुसत्या इमारती. पूर्वी आजूबाजूचा बराच दगड खाणीत गेला, जे उरलंय त्याला १९५२ साली संरक्षण मिळालं आणि २००७ मध्ये महापालिकेने वारसा म्हणून दर्जा दिला. राहिलंय ते जपायलाच हवं, दुसरं मिळणार नाही.

आता वय. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की ही टेकडी ६.६ कोटी वर्षांची, डायनासोरांच्या वेळची. मनूनेही तेच वाचून आणलेलं. पण २००१ मध्ये हेतू शेठ आणि कांचन पांडे वगैरे भूशास्त्रज्ञ मंडळींनी या दगडाचं वय प्रत्यक्ष मोजलं ते आलं ६ कोटी ५ लाख वर्षं, १२ लाख इकडे किंवा तिकडे. म्हणजे डायनासोर संपल्यावर पन्नासेक लाख वर्षांनी हा लाव्हा वर आला. मनू जरा नाराज झाली, मग म्हणाली, "पण हे मोजलं कसं ते सांग."

मंदिराच्या सावलीत बसून सांगितलं. दगडात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी, तो हळूहळू मोडतो आणि त्यातल्या काहीचा आर्गॉन वायू होतो. हा हळूहळू म्हणजे निम्मा संपायला १२५ कोटी वर्षं. लाव्हा वितळलेला असतो तोवर आर्गॉन उडून जातो, थिजला की अडकतो, म्हणजे थिजल्याच्या क्षणी घड्याळ शून्यावर. मग पुढे साठत गेलेला आर्गॉन मोजायचा. हल्ली दगडाचा तुकडा अणुभट्टीत न्यूट्रॉनने भाजून, मग टप्प्याटप्प्याने तापवून मोजतात. पवईच्या आयआयटीत याची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, म्हणजे अंधेरीच्या या दगडाचं वय काढायला मुंबईबाहेर जायची गरज नाही, याचं मला खूप कौतुक वाटतं.

पण आधी हे आकडे नव्हतेच, ही गोष्ट मला मनूला नीट समजवायची होती. काळाचे भाग आधी पाडले, वर्षं खूप नंतर आली. इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ कालव्यांची कामं करायचा, त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म सापडतात आणि थरांचा क्रम सगळीकडे तोच असतो, खालचा आधीचा वरचा नंतरचा, आणि १८१५ साली त्याने अख्ख्या देशाचा नकाशा काढला. मग युरोपभर लोक नावं द्यायला लागले, जिथे थर सापडला तिथलं नाव. जुरा डोंगरावरून जुरासिक, डेव्हनवरून डेव्होनियन, रशियातल्या पर्मवरून पर्मियन. क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांचा शेवटचा काळ, ते नाव मात्र जागेवरून नाही, लॅटिनमध्ये खडूला क्रेटा म्हणतात, त्या थरांत खडू फार. मनू म्हणाली आपल्याकडचं काहीच नाही का. आहे ना, गोंडवन! गोंडांच्या मुलखातल्या थरांना दिलेलं नाव, पुढे अख्ख्या जुन्या खंडालाच पडलं. ते ऐकून तिचा चेहरा असा खुलला.

तिथून लोअर परळला उतरून टॅक्सीने वरळी. वरळीच्या टेकडीत, दोन लाव्हांच्या मधल्या थरात, एकोणिसाव्या शतकात बेडकांचे जीवाश्म सापडले होते, सोबत कासवही. दोन उद्रेकांच्या मधे तळी साठली, बेडूक आले, गाळात पुरले गेले, आणि वरून पुन्हा लाव्हा आला. १८४७ मध्ये या बेडकाचं वर्णन केलं रिचर्ड ओवेनने, ज्याने डायनासोर हा शब्द बनवला तोच. आता टेकडीवर सगळ्या इमारती, बघायला काहीच मिळत नाही, तरी सी फेसवर भेळ खाताना मनू पाठ फिरवून टेकडीकडेच बघत होती.

पण जीवाश्मांवरून किती भांडणं झाली! बिरबल सहानींनी वनस्पतींचे जीवाश्म बघून १९३४ मध्ये म्हटलं, दख्खनचा लाव्हा, म्हणजे आपल्याकडचे हे सगळे काळे थर, क्रिटेशसचा नाही, त्याच्या नंतरचा आहे. पुढे मोजणी झाली तेव्हा कळलं की मोठा भाग क्रिटेशसच्या अगदी शेवटी आणि त्यानंतर लगेच आला, आणि मुंबईचा त्याहून उशिरा. क्रिटेशस संपल्याची ती सीमारेषा, ६.६ कोटीची, जगाने मान्य केलीय ती ट्युनिशियातल्या एल केफ गावाजवळच्या मातीच्या एका पातळ थरात. तिथे इरिडियम भरपूर आहे. इरिडियम पृथ्वीच्या वरच्या थरात जवळपास नसतंच, ते आकाशातून पडलं, हे लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी १९८० मध्ये मांडलं. म्हणजे महाकल्प, काळाचा एक मोठा भाग, बदलला तो खडकात बोट ठेवून दाखवता येतो, मला हेच सगळ्यात आवडतं.

दुपारी काळा घोड्याला गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंती बघायच्या होत्या, आत जायला वेळच उरला नाही. करडा दगड कुर्ल्याचा बेसाल्ट, पिवळसर मालाडचा ट्रॅकाइट, तोही लाव्हाचाच दगड. त्याच जातीचे मनोरीचे आणि साकीनाक्याचे खडक सहा ते सव्वासहा कोटींच्या मधले निघालेत. मनूने एक हात करड्या दगडावर ठेवला एक पिवळ्यावर, वॉचमन काका बघत होते, काही बोलले नाहीत.

परत येताना सीएसएमटीहून मुद्दाम स्लो लोकल पकडली. खिडकी मिळाली. मी म्हटलं, समज सीएसएमटी म्हणजे आज आणि डोंबिवली म्हणजे पृथ्वीचा जन्म, ४५४ कोटी वर्षं, ४८ किलोमीटर. मग हिशोब सुरू झाला. माणसाचा सगळा काळ जेमतेम तीन मीटरचा. डायनासोर मशीद यायच्या आतच संपले. चिंचपोकळी सोडल्यावर कॅम्ब्रियनची सुरुवात, म्हणजे डोळ्यांनी दिसणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म जिथून भरपूर सापडायला लागतात. त्याच्या पुढे, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, जवळपास सगळं सूक्ष्मजीवांचं, आणि जीवसृष्टीच्या सगळ्यात जुन्या खुणा कळव्याच्या आसपास. मनू मोबाईलवर भागाकार करत होती आणि समोरच्या काकू कानातले हेडफोन काढून ऐकत होत्या.

मुंब्रा आलं, डोंगर अगदी रुळांशेजारी. मी सांगितलं, मुंबईचे थर समुद्राकडे कललेत, पनवेलच्या बाजूला जमीन वाकलीय म्हणून, त्यामुळे पश्चिमेकडे जाऊ तसे थर नवे आणि इकडे येऊ तसे जुने.

"म्हणजे हा गिल्बर्ट हिलच्या खालचा?"

"हो, बराच खालचा."

तिने खिडकीच्या गजांना नाक लावलं ते दिवा येईपर्यंत काढलं नाही.