कालवांवर ड्रेज फिरवायचा तर कुठल्या पाण्यात?

ड्रेज म्हणजे तळावरची कालवं, म्हणजे खाण्याचे शिंपले, खरवडून काढायचं बोटीमागचं अवजार. तो कुठे चालवता येतो, हे घरापासूनच पाहू. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ हा बडोदा संस्थानाचा मुलूख होता, हे नव्या बडोदेकरांना सांगावं लागतं. तिथल्या सागरी जीवांवर प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी बडोदा सरकारसाठी लिहिलेल्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. तेव्हा प्रश्न शिंपल्यांतून उत्पन्न कसं काढायचं, हा होता. आज त्याच बाजूला, ओखा ते जोडिया पट्ट्यात, १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची (१९७२) कलमं २९ आणि ३५ तिथे लागू होतात, त्यामुळे जीव तिथून काढणं हाच गुन्हा ठरतो, मग हाताने काढा की यंत्राने. काचेसारख्या पातळ शिंपल्याचं कालव तर २००१ मध्ये त्या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जीवांच्या यादीतही आलं. अनुसूचींची मांडणी २०२२ च्या दुरुस्तीने बदलली आहे, तेव्हा परवानगीच्या अर्जात जुना अनुसूची क्रमांक लिहू नका.

ड्रेजचा खरा तपशीलवार कायदा मात्र अटलांटिकच्या दोन्ही काठांवर घडला. तो समजायला आधी अवजार पाहू. लोखंडी चौकट, तिच्या खालच्या कडेला दात असलेली पट्टी आणि मागे कड्यांची पिशवी. म्हणजे बोटीमागे ओढायचं दंताळंच. दोर आखूड सोडला तर दात तळाला टेकत नाहीत, ड्रेज उड्या मारत जातो. फार सोडला तर चिखलात रुततो. पिशवी भरल्यावरही ओढत राहिलात तर आतली कालवं एकमेकांवर घासून फुटतात आणि ड्रेज तळावरून नुसता घसरतो.

पिशवीत मोठ्या कालवांबरोबर रिकामे शिंपले आणि नखाएवढी पिल्लं येतात. कालवाची अळी दोनेक आठवडे पाण्यात तरंगते, मग कठीण पृष्ठावर चिकटते, आणि तिला सगळ्यात मानवतो तो जुना शिंपला. म्हणून निवड त्याच जागी, लगेच करायची आणि उरलेलं तिथेच परत टाकायचं. पुढे जाऊन चिखलावर टाकलं तर ते वाया गेलं. नीट निवड केली तरी ड्रेज शिंपल्यांची रास सपाट करतो. सपाट रास गाळाखाली जाते, तिथे अळी बसत नाही. लांब दांड्यांच्या चिमट्याने कालवं उचलणाऱ्याकडून होणारं नुकसान त्यामानाने किरकोळ.

म्हणून जागेचे बरेच नियम अवजाराच्या आडून येतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १८६५ च्या कायद्यात परवाना घेऊन ड्रेज चालवायला परवानगी दिली, पण शिडाच्या बोटीलाच आणि खोल पाण्यात. उथळ नद्या चिमटेवाल्यांसाठी राखल्या. रात्रीची चोरटी ओढ थांबेना म्हणून १८६८ मध्ये जलपोलीस उभे केले. शिडाच्या बोटींना इंजिन वापरायची मुभा मिळाली १९६७ मध्ये, आणि तीही आठवड्यातले दोनच दिवस. इंग्लंडमधल्या फाल नदीत आजही फक्त शीड किंवा वल्ही. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि ६७ मिलिमीटरच्या कडीतून जे कालव पडेल ते परत पाण्यात. हा अडाणीपणा वाटतो खरा, पण वारा पडला की बोट थांबते, आणि तेवढा विसावा रासेला मिळतो. अवजार मुद्दाम दुबळं ठेवण्याइतका स्वस्त पहारा दुसरा नाही, असं आमचं मत.

नकाशावरच्या रेषांचं दुखणं वेगळं. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात १८९० च्या दशकात बेलर या अधिकाऱ्याने सार्वजनिक रासा आखल्या. रेषा सरळ असल्याने आत बराच नापीक तळ आला आणि काही चांगल्या रासा बाहेर राहिल्या. तरीही कायद्यात तीच रेषा धरली जाते. त्या राज्याच्या संविधानानुसार आतली जागा भाड्याने देता येत नाही. तेव्हा बोटीवरच्या यंत्रात तळ कितीही चांगला दिसो, आधी रेषा पाहायची.

तिसरी हद्द पाण्याच्या शुद्धतेची, आणि ती रोज हलते. अमेरिकेत मान्य पाण्यात विष्ठाजन्य जिवाणूंची मध्यम संख्या १०० मिलिलिटरमागे १४ च्या वर चालत नाही. मेरीलँडच्या सशर्त, म्हणजे पावसानंतर बंद होणाऱ्या पट्ट्यात २४ तासांत एक इंच पाऊस झाला की किमान तीन दिवस काढणी बंद. युरोपात पाण्याऐवजी मांस तपासतात : १०० ग्रॅममागे २३० ई. कोलाय जिवाणूंपर्यंत ‘अ’ वर्ग, तिथली कालवं थेट विक्रीला जातात. ‘ब’ वर्गाची शुद्धीकरण टाकीत ठेवावी लागतात. ‘क’ वर्गाची किमान दोन महिने स्वच्छ पाण्यात हलवावी लागतात.

टाकी झाली म्हणजे धोका टळला, असं धरू नका. जिवाणू बऱ्यापैकी निघून जातात, पण उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस हा विषाणू कालवाच्या पोटात तळ ठोकून राहतो. काढणी बंद असलेल्या पाण्यातलं कालव दिसायला, वासाला, चवीला चांगल्यासारखंच असतं, म्हणून बंद पट्ट्यात ड्रेज सोडणाऱ्याच्या परवान्यावर गदा येते.